दिनकर, तुझी बॅग उघडली

दिनकर,

तुझा फोन माझ्या खिशात आहे आणि तो गप बसत नाही. तुला जाऊन तीन आठवडे होऊन गेले. तेरावं झालं, दारातला मांडव उतरला, पण सरकारच्या पोर्टलला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. रोज सकाळी मेसेज येतो. अमुक कामाची निविदा निघाली, तमुक निविदेची मुदत संपत आली. माणसं आली, चार दिवस थांबली आणि आपापल्या उसाला पाणी द्यायला गेली. तुझी आठवण न चुकता काढतंय ते एकटं पोर्टल.

मी जन्मात कुणाला पत्र लिहिलेलं नाही. माझं अक्षर म्हणजे वेल्डिंगचे ओघळ, असं तूच म्हणायचास. पण बोलायचं लय साठलंय, आणि तू होतास तेव्हा तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. आता ऐकून घे. मध्ये तोंड घालता येणार नाही तुला, तेवढा माझा फायदा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालनवहिनी शेडवर आल्या. तुझा फोन आणि तुझी ती काळी बॅग माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "भावजी, ह्यात काय हाय ते तुमीच बघा. घरात खुंटीला दिसली की मला वाटतंय, हे आत्ता येत्याल आन् खांद्याला लावून निघत्याल."

ती बॅग, गड्या! चौदा वर्षं मी त्या बॅगेच्या चेनीकडं बघत आलो. तू ती कधी उघडी टाकली नाहीस. हात धुवायला गेलास तरी खांद्याला. मी एकदा सहज म्हटलं होतं, "ठेव की रं, कोण खातंय?" तर म्हणालास, "मिलिटरीची सवय हाय." मी मनात म्हटलं, सवय कसली, आत काहीतरी हाय. आणि माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. दूधवाल्याच्या किटलीत बोट घालून बघितल्याशिवाय दूध घेत नाही मी. संशयानं माझं घर बांधलंय आणि संशयानंच त्याला कुलूप लावलंय, असं माझी आई म्हणायची.

तू रिटायर होऊन आलास तो दिवस आठवतो. ट्रंक अजून घरी उघडलीसुद्धा नव्हतीस आणि थेट शेडवर आलास. मी तेव्हा गेटं, ग्रिलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायचो. तू हात मागं बांधून एक चक्कर मारलीस आणि विचारलंस, "ह्या आष्टा रोडला गेट करणारे किती हैत?"

"धा-बारा असतील."

"मग तू तेरावा. सोड हे. सरकारला माल विकूया."

मी हसलो. म्हटलं, "सरकारला वळख लागती, पुढारी लागतो, पाकीट लागतं. आपल्याकडं काय हाय? ही होल्डरची वायर?"

तू म्हणालास, "मी सतरा वर्षं फौजेच्या स्टोअरला होतो, विल्या. माल घेणारा मीच होतो. घेणाऱ्याला काय पायजे असतंय ते मला इचार."

"काय पायजे असतंय?"

"झोप."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं ह्याचं. तर तू लोखंडाच्या तुकड्यावर बसून मला शिकवणी घेतलीस. खरेदी करणाऱ्या साहेबाला मालाची काळजी नसते, त्याला भीती असते ती पुढं येणाऱ्या ऑडिटची. ह्याच्याकडनंच का घेतलं, मापात का बसलं, टिकलं का, असं उद्या कुणी विचारलं तर त्याच्या फायलीत कागद पाहिजे. "आपण शाळंचा बाक करायचा, पण इकायची साहेबाची झोप," असं म्हणालास आणि उठून माझी वही मागितलीस. वही नव्हतीच. मी सगळं खडूनं दारावर लिहायचो.

मग सुरू झाली तुझी ती कागदांची मोहीम. लघुउद्योगाची नोंदणी काढलीस, म्हणजे अनामत भरायला नको. मालाचा नमुना प्रयोगशाळेत नेलास. सगळं जुळलं आणि अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर. काम केल्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय काम नाही. मी म्हटलं, झालं, गावजेवण आटोपलं. तू मात्र दुसऱ्या दिवशी माझं वेल्डिंग मशीन टेम्पोत टाकलंस आणि आसपासच्या शाळांतले मोडके बाक फुकट दुरुस्त करत सुटलास. रॉड माझे, मजुरी माझी, आणि हेडमास्तरांचा चहा पीत बसणार तू.

"धर्मादाय काढलाय काय रं?" मी ओरडलो होतो.

"जाहिरात काढलीय."

"मग पेपरात दे की!"

"पेपरात दुपारी भजी बांधत्यात. हेडमास्तरचं पत्र फायलीला लागतंय."

तू जिंकलास त्या भांडणात. पण मी ते कबूल केलं नव्हतं, ते आज करतो.

सांगलीच्या त्या ऑफिसातला दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. नमुन्याचा बाक आपण दोघांनी तीन जिने चढवला. लिफ्ट माणसांसाठी होती आणि तिथल्या शिपायाच्या मते आपण माणसांत मोडत नव्हतो. इंजिनिअरसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ठेवा तिथं, बघतो." दुसरा कुणी असता तर नमस्कार करून खाली उतरला असता. तू म्हणालास, "सर, बघून न्हाई कळायचं. वर हुबं ऱ्हावा." साहेब चमकले. तेवढ्यात तू त्या शिपायालाच बाकावर चढवलास, मग दोन क्लार्क, त्यातला एक चांगला भरभक्कम, मग मी. चौघं बाकावर उभे आणि सगळं ऑफिस दारात. शेवटी साहेब हसत उठले आणि बूट काढून पाचवे चढले. बाक कुरकुरलासुद्धा नाही. त्या दिवसापासून त्या मजल्यावर आपलं नाव "बाकवाले" पडलं.

पण निघताना मी एक बघितलं. तू बॅगेची चेन एवढीशी सरकवलीस, आतून एक पांढरं पाकीट काढलंस आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलंस. साहेबांनी ते उघडलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं. जिना उतरताना मी विचारलं, "काय दिलंस रं?"

"कागद."

बस्स. पुढं आपण उसाचा रस प्यायलो, तू खुशीत होतास, आणि मी अर्धा ग्लास टाकून उठलो. पुढं जी निविदा निघाली तिच्यात पाइपची जाडी आपल्या बाकाएवढीच मागितली होती. दुसरा आनंदानं नाचला असता. मी रात्रभर कूस बदलत होतो, की पाच माणसं बाकावर चढली म्हणून एवढं होतं, का पाकिटानं?

आता कौलाचं. हे तुला सांगायला नको, पण मी हे दुसऱ्या कुणाला वाचायला दिलं तर त्याला कळलं पाहिजे. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पत्रा कापायच्या मशीनमध्ये गेली, तेव्हा तू अजून नोकरीत होतास. जखम भरली, पण मशीनपुढं उभा राहिलो की पाय लटलट कापायचे. तीन महिने शेड बंद. शेवटी आईनं गावातल्या भैरोबाला कौल लावला. देवाला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं बोलायचं. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पडली. दुसऱ्या दिवशी मी मशीनचं बटण दाबलं. तेव्हापासून नवं काम असो, नवी मशीन असो, पोरीचं स्थळ असो, आधी कौल.

मग टेंडरचा रेट तर मोठी गोष्ट झाली. तू हिशोब करून रेट चिठ्ठीवर लिहून द्यायचास आणि मी रविवारी देवळात. पुजारीबाबा ऐंशीच्या पुढचे. दोन-तीनदा सांगावं लागतं त्यांना, पण कळ्या लावताना हात असा निश्चल, की माझ्या वेल्डरांना मी उदाहरण द्यायचो. उजवी पडली की तो आकडा मी शेडमधल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहायचो. डावी पडली की तू दुसरी चिठ्ठी द्यायचास, कुरकुर न करता. देवळात मात्र तू कधी आला नाहीस. बाहेर गाडीवर बसून राहायचास. "तुजा देव हाय, तूच बोल," म्हणायचास.

आणि लागोपाठ तीन टेंडरं गेली. लांबून गेली असती तर मी म्हटलं असतं, आपलं गणित चुकलं. पण तिन्ही वेळा एका बाकामागं वीस-पंचवीस रुपयांनी, आणि तिन्ही वेळा नेलं ते मिरजेकडच्या त्या बाक करणाऱ्या शेठनंच. मी कपाटाचं दार उघडून त्या खडूच्या आकड्यांकडं बघत बसायचो. आकडा ठाऊक कुणाला? मला आणि तुला. देव धरला तर तिघांना. देव फितूर होणार नाही. मी झालो नव्हतो. राहिलं कोण?

त्यातच मी तुला कराडला बघितलं. मी रॉड आणायला गेलो होतो, आणि स्टँडासमोरच्या हॉटेलात तू आणि तो शेठ, एका प्लेटीतली भजी खात, हसत बसलेले. मी एसटीच्या आड झालो आणि तसाच मागं फिरलो. संध्याकाळी विचारलं, "कुठं गेलतास?"

"साताऱ्याला. फाइल हलली का बघायला."

"मधी कुठं थांबलास?"

"चहाला थांबलो कराडला."

कुणाबरोबर, ते तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. त्याऐवजी मी प्रायमर हलका आणलास म्हणून दोन तास भांडलो. तू म्हणत होतास, "आरं, डबा तोच हाय, झाकण बघ," आणि मी डब्याला लाथ मारली. भांडण डब्याचं नव्हतं, दिनकर. हे तुला तेव्हाच कळलं होतं का?

मग एकाएकी दिवस फिरले. आपण जिंकायला लागलो. एक झालं, दुसरं झालं, कडेगावकडच्या शाळांचं मोठं काम मिळालं. पण हातात ऑर्डर यायची तेव्हा तिच्यातला रेट माझ्या खडूच्या आकड्यापेक्षा खाली असायचा. मी विचारलं की म्हणायचास, "साहेबांनी बोलवून कमी कराया लावला." आता हे सरकारात चालतं, हे मलाही माहीत आहे. पण दर वेळी? मी रात्री पडल्या पडल्या म्हणायचो, साहेब कमी करायला लावतो, का हा आधीच सगळं ठरवून येतो? बघ कसा मी! हरत होतो तेव्हा तू फितूर होतास. जिंकायला लागलो तेव्हा तू पाकिटं वाटणारा झालास. माझ्या कोर्टात तुला सुटायला जागाच नव्हती.

आणि मग तो दिवस. कडेगावचे बाक ट्रकमध्ये भरत होतो. सहा माणसं कामाला. तू ताडपत्रीचा दोर आवळत होतास. मला काय झालं कुणास ठाऊक, सगळ्यांच्या देखत मोठ्यांदा विचारलं, "किती चारलंस रं साहेबाला? आन् त्या शेठला काय दिलंस, गप बसायला?"

सगळ्यांचे हात थांबले. तू दोर सोडला नाहीस. माझ्याकडं बघितलंस, म्हणालास, "विल्या, ऐक..." आणि तुझी नजर माझ्या मागं गेली, त्या कपाटाच्या उघड्या दारावर, खडूच्या आकड्यांवर. मग माझ्या तुटक्या बोटांवर आली. आणि तू थांबलास.

"काय ऐकू? बोल की!"

"काय न्हाई. तू वेल्डिंग कर."

चार दिवस तू आला नाहीस. पाचव्या दिवशी आलास, खुंटीला बॅग लावलीस, म्हणालास, "चहा सांग." मी सांगितला. झाली आपली दिलजमाई. दीड महिन्यात तू गेलास, तोही असा, की अर्धा चहा कपात तसाच. ते "ऐक" तेवढं माझ्या डोक्यात राहिलं. पुढं काय होतं रं त्याच्या?

तर बॅग. वहिनींसमोरच उघडली. मला वाटलं होतं, चेन उघडताना मला बरं वाटेल, शेवटी पकडलं तुला. आत काय? दाखल्यांच्या झेरॉक्स, तीन-तीन प्रती. टेप. नमुन्याचा बाक पुसायचं फडकं. चिवड्याची पुडी, रबर लावलेली. आणि पांढरी पाकिटं. एक गठ्ठाच.

मी वहिनींकडं बघितलं. म्हटलं, "ही बघा." एक फोडलं. आत हेडमास्तरांच्या पत्राची प्रत. 'सदर बाक चार वर्षांपासून वापरात असून एकही मोडलेला नाही.' दुसरं फोडलं, दुसऱ्या शाळेचं पत्र. तिसरं, चौथं, सगळी फोडली. झोपच होती रं ती साहेबाची, पाकिटात घालून ठेवलेली. कागदच दिला होतास तू त्या दिवशी.

पण मी मी आहे. मनात आलंच, की ह्या पाकिटांत कागद आहेत म्हणून त्या पाकिटात कागदच होता कशावरून? माझ्यासारख्या माणसाची जीभ सरळ होईल, मन होत नाही.

शुक्रवारी एका निविदेची मुदत संपत होती. बाकांचंच काम, मोठं. हे हुकलं असतं तर दोन माणसं कमी करावी लागली असती. माझ्या नावानं नवी डिजिटल सही काढली, पण ते पोर्टल मला कुठं चालवता येतंय? वहिनी म्हणाल्या, "मला येतंय. रेट टाकताना हे मला शेजारी बसवायचं. आकडा मी वाचायची, हे टाकायचं, चूक नको म्हणून." मला हेही माहीत नव्हतं. तुझ्या फोनवर नंबर आला, तो टाकला, आणि तुझं जुनं सगळं उघडलं. मी म्हटलं, आधी अलीकडं मिळालेली कामं दाखवा.

मी कपाटाचं दार उघडून उभा राहिलो, वहिनी वाचत गेल्या. आणि माझं डोकं तापलं. तू भरलेला रेट आणि माझा खडूचा आकडा, एकाही कामात जुळत नव्हता! ऑर्डरवर जो कमी रेट यायचा, तोच तू मुळात भरला होतास. साहेबांनी कुणाला बोलावलं नव्हतं, काही कमी करायला लावलं नव्हतं. सगळी थाप.

"बघा वहिनी!" मी दारावर हात आपटला. "देवाला एक आकडा आन् सरकारला दुसरा! चौदा वर्षांचा भागीदार, आन् मला येडा केला त्यानं!"

वहिनी म्हणाल्या, "त्या शेठचा रेट बी बघा की. शेजारीच हाय."

बघितला. माझ्या खडूच्या आकड्याच्या जरासा खाली शेठचा. शेठच्या जरासा खाली आपला. दर कामात तेच. पायऱ्या घातल्यागत.

"म्हंजे शेठला माझा आकडा कळत होता," मी म्हटलं. "दिनकरशिवाय कोण सांगणार?"

"भावजी," वहिनींनी विचारलं, "तुमी देवळात पुजारीबाबाला आकडा कसा सांगता?"

"कसा म्हंजे? मोठ्यांदा. ठार बहिरा हाय म्हातारा. दोन-तीनदा बोंबलल्याशिवाय..."

आणि मी थांबलो.

"आन् रविवारी मंडपात कोण बसलेलं असतंय?"

गणपा. गणपा तंबाखू मळत बसलेला असतो. गणपा त्या शेठचा साडू. हे साऱ्या गावाला ठाऊक, मलाही ठाऊक. मी दर रविवारी आमच्या टेंडरचा रेट देवळाच्या मंडपात तीन-तीनदा बोंबलून सांगत होतो, मग तोच आकडा पुजारीबाबा देवाला त्याहून मोठ्यांदा सांगत होते, आणि मी घरी येऊन अंथरुणावर पडून विचार करत होतो की आकडा फुटतो कुठून! दवंडी पिटणारा मीच, आणि चोर म्हणून हुडकतोय तुला.

वहिनींनी सांगितलं ते असं. तिसरं टेंडर गेलं त्याच्या पुढच्या रविवारी तू देवळाबाहेर गाडीवर बसला होतास आणि रस्त्यापर्यंत तुला माझा आवाज आला. घरी जाऊन तू डोळ्यांतून पाणी येईतो हसलास. मग हसायचा थांबलास. वहिनी म्हणाल्या, "सांगा की भावजींना." तर म्हणालास, "त्यो देवाच्या शब्दावर मशीनला हात लावतो. देवळात बोललेलं फुटतंय असं त्याला कळलं, तर त्यो देवळात जायाचा बंद हुईल. आन् मशीनपुढं पुन्हा त्येचं पाय कापाया लागत्याल. राहू दे त्येचा देव त्येला."

आणि चिठ्ठीवर खोटा, जरा चढा आकडा लिहायला लागलास.

मी खाली बसलो, दिनकर. लोखंडाच्या त्याच तुकड्यावर, जिथं तू मला शिकवणी दिली होतीस. रडलो. नवरा वहिनींचा गेलेला, धीर त्यांना द्यायचा मी, तर त्याच मला पाणी देत होत्या. सहा माणसांसमोर मी तुला चोर म्हटलं, आणि तुझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चार शब्द बोलला असतास तर मी जागच्या जागी उताणा पडलो असतो. तू माझ्या बोटांकडं बघितलंस आणि गिळलंस ते.

आता उपकार मानून झाले, आता भांडतो. कारण वहिनींनी तुझं आणखी एक वाक्य सांगितलं. "दुश्मनाला आपली चुकीची पोझिशन फुकटात कळती हाय, तर बंद कशाला करायची?" हेही म्हणालास म्हणे, आणि परत हसलास. मग खरं काय, गड्या? माझा देव राखायला गप बसलास, का रेट राखायला? आणि कराडची ती भजी? त्या शेठबरोबर एवढं हसत काय बोलत होतास? वहिनींनाही ठाऊक नाही. मी बॅग परत परत बघितली, तिच्यात त्याचं काही नाही. हे मी सोडणार नाही. वर आल्यावर पहिलं हेच विचारणार आहे, चहा नंतर.

शुक्रवारी निविदा भरली. कौल न लावता. माझ्या जन्मात पहिल्यांदा. वहिनींनी विचारलं, "कितीला भरायचं?" शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी मी उठून दार लावलं, आणि त्यांच्या जवळ जाऊन हळू सांगितलं. बटण दाबताना तुटक्या बोटांची जागा ठणकली. मग उठून मशीनपुढं गेलो, एक पत्रा घेतला, कापला. पाय कापले जरा. पण पत्रा सरळ कापला गेला. निकाल अजून लागायचा आहे, लागेल तेव्हा तुझ्याच फोनवर येईल.

आज रविवार. देवळात गेलो. पुजारीबाबांनी कळ्या भिजवल्या, कानामागं हात धरला आणि विचारलं, "कितीला?" मंडपात नेहमीची मंडळी. गणपा तंबाखू मळत.

मी म्हटलं, "आज आकडा न्हाई, बाबा. दुसरं इचारायचंय."

"आँ?"

"दुसरं इचारायचंय!"

"मग बोल की मोठ्यांदा!"

आणि मला ते बोलावं लागलं, दिनकर. जी माफी तुझ्या कानात मागायला मला दीड महिना मिळाला होता आणि मी मागितली नाही, ती सगळ्या मंडपात बोंबलून मागावी लागली. "दिनकरला मी चोर म्हणालो! त्यो चोर नव्हता! आकडा मीच फोडत हुतो, हितं, ह्या मंडपात! त्यानं मला माफ केलं का, इचारा!"

"कोण दिनकर?"

"माझा दिनकर!"

गणपाच्या हातातली चिमूट हातातच राहिली, मग तो उठला आणि चपला हातात घेऊन निघून गेला. पुजारीबाबांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं बोलले, तुझं नाव घेऊन. मी हात जोडून उभा. किती वेळ कुणास ठाऊक, एकही पडेना. मला वाटलं, बरोबर आहे, का म्हणून पडावी?

मग उजवी पडली.

कळी रुमालात घेऊन घरी आलोय, ती ह्या कागदाशेजारी ठेवलीय. पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार? पडायच्या आधी म्हाताऱ्याचा हात जरासा हलला, असा मला दाट संशय आहे. ज्याचा हात ह्या वयातही कधी थरथरला नाही, त्याचा आजच कसा हलला?

हलला असेल तर हलू दे. ह्या एका बाबतीत मी चौकशी करणार नाही.

तुझा,
विल्या